अपवादाचा न्याय

कायद्याने ज्याच्यासाठी दार बंद केले आहे, त्याला त्याच कायद्याने काही दिवसांपुरते आत घ्यावे, हे न्यायाला धरून आहे काय? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा वाटतो. परंतु वसईतील आणि गोव्यातील कित्येक कुटुंबांची मुले आज कॅनडात स्थायिक झाली आहेत. त्यांच्या लग्नाला, बाळंतपणाला वा आजारपणाला धावून जाणाऱ्या आईवडिलांपुढे हा प्रश्न केव्हा उभा राहील, सांगता येत नाही. म्हणून त्याचा नैतिक अंगाने विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कॅनडाचा इमिग्रेशन व निर्वासित संरक्षण कायदा २००१ साली संमत झाला आणि २००२ साली अमलात आला. गुन्हेगारी, खोटी माहिती देणे, सार्वजनिक आरोग्याला धोका ठरणारे आजारपण अशा कारणांसाठी हा कायदा परकीय नागरिकाला प्रवेशास अपात्र ठरवतो. परदेशात घडलेल्या गुन्ह्याला तेथे प्रत्यक्ष किती शिक्षा झाली, यावर सारे अवलंबून नसते. तेच कृत्य कॅनडात घडले असते तर कमाल किती शिक्षा होऊ शकली असती, हे तेथील मोजमाप. दारूच्या अमलाखाली वाहन चालवण्याच्या गुन्ह्याची तेथील कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८ पासून ५ वर्षांवरून १० वर्षांवर गेली आणि तो ‘गंभीर’ गुन्ह्यांत गणला जाऊ लागला. तेव्हा आपल्या गावी दंड भरून मोकळा झालेला इसम त्या देशाच्या उंबरठ्यावर गंभीर गुन्हेगार ठरू शकतो. शिक्षा पूर्ण होऊन ५ वर्षे लोटल्यावर, आपण सुधारलो आहोत असे दाखवून त्याला ही अपात्रता दूर करण्याचा अर्ज करता येतो. पण मुलीचे लग्न त्याआधीच ठरले तर?

अशा प्रसंगासाठी त्याच कायद्यात २४ वे कलम आहे. परिस्थिती पाहता योग्य वाटल्यास अधिकारी अपात्र व्यक्तीलाही तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना देऊ शकतो. त्याची मुदत फार तर ३ वर्षे. तो केव्हाही रद्द होऊ शकतो. आणि परतण्याची मुभा नसताना देश सोडला की तो संपतो. याने गुन्हा पुसला जात नाही, अपात्रताही जात नाही. ही क्षमा नव्हे; मुदतीने दिलेला विश्वास आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. ज्याने आयुष्यात एकही नियम मोडला नाही, त्याचा साधा व्हिसाही कित्येकदा नाकारला जातो. मग नियम मोडणाऱ्यासाठी वेगळी वाट कशाला? या आक्षेपाचे उत्तर फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने म्हटले की कायदा सर्वांसाठी सरसकट बोलतो, पण माणसांचे प्रसंग सरसकट नसतात. लेस्बॉस बेटावरील गवंड्यांची शिशाची मोजपट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे, तसा निवाडाही प्रसंगाप्रमाणे वाकावा. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला आणि अशा समंजसपणाला सद्गुणांत स्थान दिले. कायदा करणारा स्वतः समोर असता तर त्याने या प्रसंगी काय म्हटले असते, हे ओळखणे म्हणजे कायदा मोडणे नव्हे.

मात्र मोजपट्टी वाकली तरी ती मोजपट्टीच राहिली पाहिजे. ती किती वाकावी? अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळापुढे १९७८ साली एक प्रकरण आले. पूर्वी हद्दपार झालेल्या एका कॅनेडियन स्त्रीला नातलगांना भेटण्यासाठी आणि सहलीसाठी अमेरिकेत जायचे होते. मंडळाने तीन गोष्टी पाहण्यास सांगितले : तिला आत घेतल्याने समाजाला धोका किती, पूर्वीचा अपराध किती गंभीर, आणि येण्याचे कारण कोणते. हे कारण अत्यंत निकडीचेच असले पाहिजे असे नाही, असेही मंडळाने स्पष्ट केले. कॅनडात मात्र गरज आणि धोका तराजूत घालून गरजेचे पारडे जड असावे, अशी अपेक्षा असते.

आम्हांला वाटते, दोन्ही विचारांत तथ्य आहे. पण धोका अल्प असताना भारी कारण मागणे अन्यायाचे होईल. नातवंडाचे तोंड पाहावेसे वाटणे हे माणसाला पुरेसे कारण आहे. ते कारण ठसवण्यासाठी त्याला आपले दुःख कागदोपत्री मांडून दाखवावे लागले, तर ज्याची भाषा चांगली आणि वकील महागडा, त्यालाच दया मिळेल. दयेची मेहेरबानी होऊ नये, म्हणून तिलाही हिशेब हवा. असे किती परवाने कोणत्या कारणाच्या अपात्रतेसाठी दिले, हे कॅनडाच्या मंत्र्याला दरवर्षी संसदेला कळवावे लागते. नकाराविरुद्ध परवानगी घेऊन फेडरल न्यायालयात दाद मागता येते. अपवादाला अशी शिस्त असली, तरच नियम पाळणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो.

अपवाद मागणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. ‘आपणांस कधी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहा, कोण पाहतो, असा सल्ला देणारे एजंट भेटतात. हा सल्ला खोटा आहे आणि घातकही. महत्त्वाची माहिती लपवल्याचे उघडकीस आले, तर त्या एका कारणाने ५ वर्षे कॅनडाचे दार बंद होते. पण शिक्षेच्या भयापेक्षा मोठे कारण आहे. आपला दोष सांगणाऱ्यालाच अपवाद देता येतो. जो दोष नाकारतो, त्याने अपवाद मागितलेलाच नसतो. तेव्हा आपल्या घरातील कोणावर असा डाग असेल, तर त्याला तो लपवण्यास मदत करू नये. प्रश्नापुढे ‘होय’ लिहिताना त्याचा हात थरथरेल. अशा वेळी आपण त्याच्या शेजारी बसावे आणि अर्ज पूर्ण करण्यास त्याला साह्य करावे.