मोबाईल आधी खिशात घाला

खाली बसा. सगळे.

चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरने दुचाकीवाल्याला उडवलं, तेव्हा तुम्ही चौघे तिथेच होतात. तुमच्याच ग्रुपवर तो व्हिडिओ मी पाहिला. वर ‘खतरनाक’ असा शेरा आणि खाली कुठल्याशा शर्यतीतल्या अपघाताची क्लिप. माणूस विव्हळत पडलाय आणि एकाचेही पाय पुढे सरकत नाहीत? लाज वाटली पाहिजे!

शर्यतींचा नाद आहे ना? मग २९ जुलै १९७३ ची झँडव्होर्टची फॉर्म्युला वन शर्यत शोधून बघा. रॉजर विल्यमसनची गाडी उलटली, पेटली. आदळल्याने त्याला मोठी इजा झाली नव्हती, तो खाली अडकून पडला होता. डेव्हिड पर्ली हा दुसरा ड्रायव्हर स्वतःची शर्यत सोडून धावला. एकटा ती गाडी सरळ करायला भिडला. मार्शलांच्या अंगावर आगीत टिकणारे कपडेच नव्हते, ते मागे राहिले. बाकीच्या गाड्या शेजारून जात राहिल्या, शर्यत चालूच राहिली. विल्यमसन गेला. हे सगळं टीव्हीवर थेट दिसलं.

त्याआधी ड्रायव्हर जॅकी स्टुअर्ट सीटबेल्टसाठी, ट्रॅकवर धड डॉक्टर असावा म्हणून भांडत होता, तर त्यालाच भित्रा म्हणत. शर्यतीत माणसं मरायचीच, असं म्हणून आयोजक मोकळे होत. घराघरांत ते मरण दिसू लागलं, तसं हे म्हणणं जड जाऊ लागलं. तरी १९९४ उजाडावं लागलं. इमोलाच्या शर्यतीत शनिवारी ड्रायव्हर रोलँड रात्झेनबर्गर गेला, रविवारी आयर्टन सेना. सेनाचा अपघात तर जगाने थेट पाहिला. मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेचे, म्हणजे एफआयएचे, अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी डॉ. सिड वॉटकिन्स यांच्या हाती तज्ज्ञांची समिती दिली आणि शर्यतीची गाडी नव्याने तपासली जाऊ लागली.

आता कान उघडे ठेवा, कारण ही गोष्ट तुमच्या दारात येते. हेच मोस्ले पुढे रस्त्यावरच्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टसाठी झगडले आणि अशा टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे प्रमुख झाले. त्या संस्थेने २०१४ साली, तेव्हा आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो ताशी ६४ किलोमीटरने आदळवली. एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे. सांगाडा तर भक्कम राहिला होता! पण आतला माणूस वाचेल याची खात्री नव्हती. ते चित्रीकरण देशभर दाखवलं गेलं. कंपनीने एअरबॅगशिवायची पोलो विकणं थांबवलं. दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले.

तुमच्यातले निम्मे उद्या याच पट्ट्यात अप्रेंटिस म्हणून लागणार. एअरबॅगचं वायरिंग, सीटबेल्टचे बोल्ट तुमच्या हाताखालून जाणार. आणि तुम्ही स्पाइन रोडवर हेल्मेट कोपरात अडकवून गाडी हाणता, चौकी दिसली की डोक्यावर चढवता, तेही पट्टा न लावता! असला पोरगा बोल्ट नीट आवळेल, यावर मी कसा विश्वास ठेवू?

अपघात दिसला की पहिला फोन १०८ ला. पोलीस त्रास देतील ही सबब मला सांगू नका. मदत करणाऱ्याला २०१९ च्या कायदादुरुस्तीने संरक्षण दिलंय. तो व्हिडिओ आत्ता माझ्यासमोर काढून टाका. आणि सोमवारी दोन्ही पोलोंच्या टेस्ट शेजारी शेजारी लावून, आत बसवलेल्या बाहुल्याच्या डोक्याचं काय होतं ते वहीत लिहून आणा. आकृतीसह.