शेकडा कसा पडतो?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी गल्लीतून चालत गेले की ओट्या-ओट्यावर सूप दिसते. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पाने, पान कापायच्या मापाचा पत्र्याचा तुकडा आणि कातरी. बाई शेजारणीशी बोलत असते, लेकराला दटावत असते, येणाऱ्याला बसा म्हणत असते आणि बोटे विडी वळत असतात. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधला की तो बाजूला. असे चाळीस कट्टे झाले की हजार. त्या हजाराचा दर तिला झोपेतून उठवून विचारला तरी पैशासकट सांगेल.

अशाच एका ओट्यावर मी बसले होते. विड्या वळणारी बाई घरात तेलुगू बोलणारी. तिच्या शेजारी टेकलेली दुसरी मंगळवेढ्याकडून लग्न होऊन आलेली, कडक भाकरी करून दोन-तीन दुकानांना घालणारी. पहाटे चारला उठून ज्वारीचे पीठ उकळत्या पाण्यात मळायचे, पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. आठला पोरे शाळेला निघेपर्यंत तिचे हे चालते. विडीवाली सहज म्हणाली, "अक्का, शेकडा कसा पडतो तुला?"

अक्काने दुकानदाराचा भाव सांगितला.

"ते तो देतो. तुला कसा पडतो?"

मग अक्काने बोटांवर मोजायला घेतले. ज्वारी, दळण, गॅस, पिशव्या, रिक्षा.

"आणि हात?"

"हाताचं काय धरायचं? घरातलंच काम की."

विडीवालीने कातरी खाली ठेवली. "माझ्या हाताचा हजाराला दर ठरलाय. तुझ्या हाताला काय झालं?"

या प्रश्नापाशी मी अजून थांबलेली आहे. उद्योजक बाईवर लिहिताना आपण ज्या गोष्टीने सुरुवात करतो ती म्हणजे 'शून्यातून'. खिशात दमडी नाही, पाठीशी कोणी नाही, आणि मग जिद्दीने उभे केलेले विश्व. महिला दिनाच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांतही ही गोष्ट दरवर्षी येते. ती खोटी असते असे मला म्हणायचे नाही. पण तिच्यातले ते शून्य मला खटकते. अक्काकडे शून्य नव्हते. शाळू ज्वारी कोणती चांगली, पाण्याचे आधण किती, भाकरी कधी उतरवली तर प्रवासात तुकडे होणार नाहीत, हे सगळे ज्ञान तिच्याकडे होते. चार तासांची रोजची मेहनत होती. फक्त ते कुठेच मांडलेले नव्हते. ज्याची नोंद नाही त्याला आपण शून्य म्हणतो, आणि बाईही तेच म्हणायला शिकते.

सोलापुरात या न-नोंदीला मोठा इतिहास आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हे शहर हातमागावर उभे केले. मागावर पुरुष बसायचा आणि घरातली बाई कांड्या भरायची. कांड्या भरल्याशिवाय धोटा चालत नाही, पण मजुरी मिळायची ती विणलेल्या कापडाची, आणि ती विणकराच्या हातात पडायची. कांड्या त्यातच धरलेल्या. चादरीच्या या गावात बायकांच्या हाताचा हिशेब सुटा, स्वतंत्र झाला तो विडीने. विडी हा काही चांगला धंदा नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, मान-पाठ मोडते, आणि कारखान्यात तपासणीला गेले की वळलेल्या विड्यांतून काही नापास होऊन पडतात. आपल्या मुलीने हे करावे असे वाटणारी विडी कामगार मला भेटलेली नाही. तरीही एक गोष्ट तिथे घडली. कारखान्याच्या रजिस्टरमध्ये बाईचे नाव लागले. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्याने घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. नरसय्या आडम यांच्यासारख्या नेत्यांबरोबर हजारो बायका दरासाठी, फंडासाठी रस्त्यावर आल्या. हाताला भाव असतो, तो मागायचा असतो आणि कमी पडला तर भांडायचे असते, हे शिक्षण या शहरातल्या बायकांनी घेतले ते अशा मोर्च्यांत.

त्याच बळावर घरे आली. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचा ताबा दिला गेला. पुढे तीस हजार घरांचे रे नगर आले, त्यातली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मिळाली. उद्योगाच्या लेखात घरकुलांचे काय काम, असे कोणी विचारेल. भाड्याच्या खोलीत मोठी शेगडी लावली की मालक कुरकुरतो, शिलाई यंत्राच्या आवाजावरून शेजारी भांडतात, आणि दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलला तर दुकानदार उधारीवर पीठ देत नाही. घरच्या घरी धंदा करणाऱ्या बाईचे घर हाच तिचा कारखाना. त्या घराच्या कागदावर तिचे नाव असणे ही तिची पहिली गुंतवणूक आहे. अर्थात शहराबाहेरच्या घरातून माल बाजारात आणायचा तर रिक्षाभाडे वाढते, तेही तिच्याच भाकरीवर पडते.

आता मजुरी धरण्याकडे येऊ, कारण माझे सगळे म्हणणे तिथे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला घेतले. ऐंशी रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. लिज्जतची ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे त्यातले ऐंशी रुपये लक्षात ठेवतात. मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'वणाई'. लाटण्याची मजुरी. जी बहीण जितके पापड लाटून आणेल तितकी वणाई तिला मिळते. नफा-तोट्याची गोष्ट त्यानंतर. सात जणी एकत्र बसल्या म्हणूनच हे झाले असावे. एकटी बाई स्वतःची मेहनत फुकट धरू शकते. सात जणींत कोणी जास्त लाटले, कोणी कमी, हे मोजावेच लागते. आणि मोजले की त्याची किंमत ठरवावीच लागते. चंद्रिका चौहान यांनी सोलापुरात उभ्या केलेल्या उद्योगवर्धिनीसारख्या संस्थेचे मोल मला याच कारणाने मोठे वाटते. शिवण असो की पोळी-भाकरी, चार जणींच्या कामात नग मोजले जातात, वही ठेवली जाते. बाई तिथे शिवायला शिकायला येत नाही, ते तिला येतच असते. ती तिथे आपल्या कामाला आकडा लावायला शिकते.

आणि आकड्याला बायका घाबरतात हा समज तर माणदेशातल्या बायकांनी कधीच खोडून काढला. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. चेतनाताईंनी सांगितलेला पुढचा प्रसंग मला फार आवडतो. बायका अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचे व्याज काढायला सांगा. आम्ही तोंडी काढतो, तुम्ही यंत्रावर काढा, बघू कोण आधी सांगते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पण याच बायकांना, ज्यांना चक्रवाढ व्याज तोंडी येते, 'तुमच्या पहाटेच्या चार तासांचे किती?' असे विचारले तर त्यांतल्याही अनेक जणी हसतील. हिशेब येणे वेगळे आणि स्वतःला हिशेबात धरणे वेगळे. हे दुसरे शाळेत शिकवत नाहीत, माहेरी शिकवत नाहीत, आणि सासरी तर त्याच्या उलटच शिकवतात.

कल्पना सरोज यांचे नाव या विषयात येतेच. अकोला जिल्ह्यातली दलित घरातली मुलगी, बाराव्या वर्षी लग्न, छळ, माहेरी परत, मग मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपयांवर काम, पुढे पन्नास हजारांचे सरकारी योजनेतले कर्ज, फर्निचरचे दुकान, आणि २००६ साली कर्जात बुडालेल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीची सूत्रे हातात. २०१३ साली पद्मश्री. एवढ्या मोठ्या आयुष्याला शून्यातून विश्व म्हणायचा मोह होतो, पण मला त्या कहाणीत दोन ठिकाणी थांबावेसे वाटते. त्यांना शिवण येत होती, म्हणजे हात रिकामे नव्हते. आणि कमानीचे कामगारच त्यांच्याकडे कंपनी वाचवा म्हणून आले होते. त्या कामगारांची थकलेली देणी फेडणे हे कंपनी उभी करण्याच्या कामातच होते. दोन रुपये रोजावर काम केलेल्या बाईला मजुरी थकणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

अक्काला मजुरी धरायची आहे, पण बाजार धरू देत नाही, हेही खरे आहे. तिने शेकड्यामागे थोडे वाढवले की दुकानदार पलीकडच्या गल्लीतल्या बाईकडे जातो. ती रुपया कमी घेते, कारण तीही हात धरत नाही. फुकटचा हात हा मोजलेल्या हाताचा सर्वांत मोठा स्पर्धक असतो, आणि दोन्ही हात बायकांचेच. दुकानदाराला दोष देऊन सुटका नाही. छापील किंमत असलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर आपण घासाघीस करत नाही. भाकरीवर आणि शेंगा चटणीवर करतो. 'घरगुती' हा शब्द पुण्या-मुंबईच्या दुकानात भाव वाढवायला वापरतात आणि सोलापूरच्या गल्लीत तोच शब्द भाव पाडायला. अक्काच्या पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे, तिच्या नावाने. तो काढायला ती दोनदा सेवा केंद्रावर गेली, एकदा आधारच्या नावात अक्षर चुकले म्हणून परत आली. तो नंबर लावूनही तिची भाकरी घरातलीच राहते.

आणि कर्ज. बचत गटाने बायकांना सावकारापासून बऱ्यापैकी सोडवले. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा ही संस्था उभी केली, तेव्हा त्या बायकांना बँकेच्या दारात नेणे हेच पहिले काम होते. आज दारात कर्ज घेऊन येणारे पुष्कळ आहेत, आठवड्याच्या हप्त्याने. ज्या धंद्यात हाताची मजुरीच धरलेली नाही त्या धंद्याला कर्ज मिळाले की हप्ता त्या न धरलेल्या मजुरीतून जातो. वहीत नफा दिसतो, बाई मात्र अशक्त होत जाते. कर्ज देण्याआधी कोणी तिला शेकडा कसा पडतो हे विचारत नाही. हप्ता कोणत्या वाराला हे विचारतात. मला हे फार लागते, कारण उद्योजक म्हणून गौरवलेल्या आणि आतून दमून गेलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत.

त्या दुपारी विडीवालीने आपल्या पासबुकाच्या मागच्या पानावर अक्काचा हिशेब लिहायला घेतला. ज्वारी, दळण, गॅस, पिशव्या, रिक्षा, आणि खाली तेलुगूत एक शब्द. "हे काय?" अक्काने विचारले. "मजुरी," ती म्हणाली, "चार तासांची." आकडा दोघींनी भांडून ठरवला, अक्का कमी सांगत होती, ही वाढवत होती. बेरीज झाली तेव्हा कळले की दुकानदार देत होता तो भाव बेरजेच्या खाली होता.

अक्काने नवा भाव सांगितला. दुकानदार बघू म्हणाला आणि दोन दिवस दुकानातला मुलगा आलाच नाही. तिसऱ्या संध्याकाळी आला तो शंभराऐवजी पन्नास भाकरी सांगून गेला, नव्या भावाने. दुसऱ्या दिवशी अक्का चारच्या ऐवजी सहाला उठली.