तपासलं नाही की सापडलं नाही?

टेस्टिंगची आणि कोडच्या विश्लेषणाची वेगवेगळी टूल्स एका व्यवस्थेत जोडायची, हे माझं रोजचं काम. नवं टूल चटकन बसावं, जुनं काढताना बाकीच्यांना धक्का लागू नये, अशी सोय ठेवावीच लागते. पण या सोयीतूनच एखादं नकोसं टूल गुपचूप बाजूलाही करता येतं. म्हणून मी स्वतःला विचारतो, ही मोकळीक मी नेमकी कोणासाठी ठेवतोय?

बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या जेन्किन्सचं उदाहरण घ्या. जेयुनिट टेस्टच्या निकालांची फाइल सापडली नाही, तर बिल्ड एरवी फेल होतो. मात्र एक सेटिंग बदललं की रिकामे निकालही चालतात. ज्या मॉड्यूलला टेस्टच नाहीत, तिथे ते योग्यच आहे. पण रिलीज तोंडावर असताना, सगळे ‘पास’च्या हिरव्या रंगाची वाट बघत असताना माझं लक्ष त्या सेटिंगकडे का जातं? तिथे तांत्रिक कारण नसतं. मला तेव्हा वाईट बातमी ऐकायची नसते. आणि त्या हिरव्या रंगावर विसंबून ते सॉफ्टवेअर वापरणारा माणूस या खोलीत नसतो.

1987 साली पर्लच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेली ‘टॅप’ ही टेस्टचे निकाल लिहिण्याची पद्धत मला म्हणूनच फार मोलाची वाटते. पहिल्याच ओळीत ‘1..40’ असं लिहायचं, म्हणजे चाळीस टेस्ट होणार. सदतीस पास होऊन प्रोग्रॅम मध्येच बंद पडला, तर त्या सदतिसांच्या जोरावर पास मिळत नाही. उरलेल्या तीन टेस्टचा हिशेब मागितला जातो. 2020 मध्ये ओएसिस या संस्थेचं प्रमाण ठरलेल्या ‘सारिफ’ या कोड-विश्लेषणाचे निकाल लिहिण्याच्या पद्धतीत टूलची दाबून ठेवलेली तक्रारही नोंदीत राहू शकते. कारण लिहायला जागा आहे, सक्ती नाही. तिथे खरं कारण लिहायचं की ‘नंतर बघू’, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

टूल आत आणणं सोपं असावं. बंद करणं मात्र चारचौघांत, नाव, कारण आणि मुदत लिहूनच व्हावं. ‘तपासलं नाही’ हे लाल-हिरव्याइतकंच ठळक दिसावं. याला कोणी ताठरपणा म्हटलं, तरी मला तो मान्य आहे.

तुम्हीही अशी व्यवस्था सांभाळत असाल, तर आज बंद ठेवलेल्या टूल्सची यादी काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलंय का, ते पाहा.