अस्तर

कोटाचे अस्तर फाटले तर ते झाकता येते. मोटारीच्या छताचे अस्तर सुटले की ते थेट डोक्यावर येते. आधी मागच्या काचेजवळ एक फुगा दिसतो. मग तो पुढे सरकतो, मागे बसलेल्याच्या केसांना लागतो, आरशात मागचा रस्ता दिसेनासा होतो, आणि खिडकी उघडली की सारे कापड शिडासारखे फडफडते. गाडीच्या चालण्यात मात्र काही बिघाड नसतो. म्हणूनच हे दुखणे लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

आमच्या बीडकडे ते लवकर जडते. मे महिन्यात पारा ४० च्या वर, उन्हात बंद उभ्या राहिलेल्या गाडीच्या आत तर ६० च्याही पुढे, आणि त्यानंतर पावसाळ्याची दमट हवा. जुन्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनी गाड्यांत अस्तर शिवून तारेच्या कमानींवर ताणलेले असे. ते मळे, फाटे, पण असे लोंबत नसे. पुढच्या गाड्यांत पुठ्ठ्यासारखी दाबून घडवलेली फळी आली. कापड तिच्यावर चिकटवतात, आणि कापडाच्या पाठीला फोमचा एक पातळ थर असतो. हा फोम ज्या पॉलियुरेथेनचा, त्याचा शोध १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी लावला. हलका, मऊ आणि स्वस्त असा हा पदार्थ. पण उष्णतेने आणि ओलीने तो आतून तुटत जातो, आणि काही वर्षांनी त्याची पिवळी भुकटी होते. कापड शाबूत असते, फळी शाबूत असते. मरतो तो मधला थर, ज्याला गाडीच्या धन्याने जन्मात कधी पाहिलेले नसते.

दोष मात्र कापडाला मिळतो. कापड इतके कच्चे नसते हो! अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर त्यांनी आपले ‘पंचीकरण’ लिहून काढले. दासोपंत १६१५ साली गेले; कापड अजून आहे.

या दुखण्यावर तीन इलाज चालतात. पहिला टाचण्यांचा. घरातल्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या घेऊन छतभर टोचायच्या. दुसरा सोल्युशनचा. कापड जरा उचकटून आत सोल्युशन सोडायचे आणि तळहाताने दाबून बसवायचे. तासाभरात छत नव्यासारखे दिसते. पण सोल्युशन भुकटीला चिकटते आणि भुकटी कशालाच चिकटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सारे पुन्हा खाली. तिसरा इलाज खरा आणि कटकटीचा. दिवा, कड्या, उन्हाच्या झडपा काढून अख्खी फळी गाडीबाहेर घ्यायची, कापड सोलायचे, आणि तोंडाला रुमाल बांधून सगळी भुकटी ब्रशने घासून काढायची. जोर जास्त लागला तर फळीच मोडते. मग नवे फोमचे कापड घ्यायचे, दोन्ही अंगांना सोल्युशन लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे, आणि मधून सुरुवात करून कडांकडे दाबत जायचे. एकदा बसले की हलवता येत नाही.

मला स्वतःला टाचण्यांबद्दल आदर आहे. टाचणी खोटे बोलत नाही. ‘इथे दुखते आहे, आणि सध्या एवढेच जमते आहे’ असे ती उघड सांगते. प्रश्न आहे तो दुसऱ्या इलाजाचा. त्याला लबाडी म्हणायचे की नाही?

अंबाजोगाईच्या माझ्या एका स्नेह्याला गेल्या वर्षी दिवाळीत मुराळी म्हणून बहिणीला आणायला जायचे होते. गाडी वडिलांच्या वेळची. त्याने कारागिराला सांगितले, “उस्ताद, वरून सोल्युशन मारून द्या. भाऊबीजेपर्यंत टिकले म्हणजे झाले.” उस्ताद म्हणाले, “भाऊ, सोल्युशन कशाला लावू? आत भुसा झालाय.” स्नेही म्हणाला, ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, मग फसवले कुणाला? उस्तादांनी वाद घातला नाही. ते काम आपण करत नाही, एवढेच सांगितले.

स्नेह्याचा मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खरे माहीत असेल, तर त्या व्यवहाराला फसवणूक म्हणता येत नाही. रंगभूमीवरचा राजा काही लबाड नसतो. पण गाडीत तिसरे माणूसही बसते. मागच्या आसनावर जी बसणार, वर पाहून ‘दादाने गाडी छान ठेवली आहे’ म्हणणार, तिला या कराराची खबर नसते. दोघांच्या संमतीने केलेल्या वरवरच्या कामाचा भार बहुधा अशा तिसऱ्याच्याच डोक्यावर येतो.

आणि इथे गोष्ट मोटारीपुरती राहत नाही. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. आपल्याकडे त्यावर उपाय निघाला तो हक्कसोडपत्राचा. बहिणीला प्रेमाने बोलवायचे, जेवू घालायचे, साडी घ्यायची, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सहीला न्यायचे. ती राजीखुशीने सही करते, असे भाऊ सांगतात. काही जणी खरोखर राजीखुशीने करतातही. भावाची दोन एकर कोरडवाहू आणि आपले बरे चाललेले घर यांचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडलेला असतो. पण सही नाकारली तर माहेर तुटेल या धाकाने जी करते, तिची राजीखुशी कुठल्या जातीची? त्यानंतरची ओवाळणी कितीही जड असली, तरी ती कशावर लावायची? वर्षभराची विचारपूस, आजारपणातले येणे-जाणे, सल्ला विचारणे, हाच नात्यातला मधला थर. तो शिल्लक असेल तर साधा रुमाल पुरतो. नसेल तर भरजरी साडीही सोल्युशनच.

कुणी म्हणेल, सगळीच फळी खाली उतरवायची तर घर मोडेल. हेही खरे आहे, आणि म्हणूनच मी टाचण्यांची बाजू घेतली. ऐंशी वर्षांच्या आईसमोर भावंडांनी जुने भांडण उकरू नये. तिच्या हयातीपुरत्या टाचण्या टोचाव्यात. मात्र त्या टाचण्या आहेत हे आपसांत मान्य असावे.

स्नेह्याने शेवटी खरे काम करून घेतले. दोन दिवस गाडी उस्तादांकडे होती. त्याने चार वर्षांपूर्वी बहिणीची सही घेतली होती. येताना वाटेत तिने वर पाहिले, नव्या कापडावरून हात फिरवला आणि विचारले, “दादा, बाबांच्या वेळचं कापड काय केलंस?” ते त्याने घडी करून डिकीत ठेवले होते. तिने ते मागून घेतले. शेतीबद्दल ती काही बोलली नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही.