सीमेवरचा शेजारी

गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. बालाघाटकडचा मजूर गोंदियात घाम गाळतो, आजारी पडला की इथल्याच रुग्णालयाची पायरी चढतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान योजनेचे कार्ड राज्याबाहेरही चालते. पण ज्याच्यापाशी तेही नाही, त्याचे काय?

आमच्या करातून परक्याचा खर्च का, असे आम्ही विचारतो. प्रश्न गैर नाही. शुभवर्तमानातील शोमरोन्यानेही उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, अधिक खर्च परतताना फेडण्याचे वचन दिले. दयेलाही हिशेब असतो. मात्र त्याने जखमा आधी बांधल्या. राज्यांनीही हिशेब मागाहून मिटवावा. घाम घेताना आम्ही कुणाचे गाव विचारत नाही. औषध देताना ते आधी का विचारावे?