कोणासाठी प्रार्थना करायची?



गेल्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक साधी विनवणी होती: देशाच्या नेत्यांना परमेश्वराने सुबुद्धी द्यावी आणि देशात शांती नांदावी. सकाळच्या मिस्सानंतर एक गृहस्थ साक्रिस्तीत आले. "फादर, ज्यांना आपण डोळ्यांसमोर नको आहोत त्यांच्यासाठी गुडघे टेकायचे? ही लाचारी झाली." संध्याकाळी त्यांचेच चुलतभाऊ आले. "फादर, सुबुद्धी द्यावी म्हणजे आज ती नाही, असेच ना? वेदीवरून सरकारला टोमणे कशाला?" वाक्य एकच. एकाला ती लाचारी वाटली, दुसऱ्याला टोमणा. हे दोघे लहानपणापासून चर्चमध्ये एकाच बाकावर बसत. आता एक सकाळी येतात, दुसरे संध्याकाळी.

देश दुभंगतो तेव्हा भेग दिल्लीतच राहत नाही, ती आपल्या ओटीवर येते. मोबाइलवरच्या कुटुंबाच्या ग्रुपमधून सख्खी भावंडे निघून गेल्याचे आम्ही घराघरांत ऐकतो. दोघेही जपमाळ करणारे. मग परमेश्वराने ऐकायचे कोणाचे?

हा प्रश्न अब्राहम लिंकन यांनाही पडला होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. युद्ध संपत आले असताना, 4 मार्च 1865 रोजी, दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकन यांनी विजयाचे नगारे वाजवले नाहीत. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते आणि कोणाचीच पूर्णपणे मान्य झाली नाही, असे ते म्हणाले. पण म्हणून दोन्ही बाजू सारख्याच, असे त्यांनी म्हटले नाही. गुलामांच्या घामाची भाकरी हिसकावण्यासाठी कोणी देवाचे साहाय्य मागावे याचे नवल त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवले. अन्यायाला अन्याय म्हणायचे, आणि तरीही देव आपल्या खिशात आहे असे समजायचे नाही. या दोन गोष्टी एकत्र धरणे कठीण आहे. आम्हांला स्वतःला ते नेहमी जमते असे नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच विषय घेतला. शत्रूसाठी प्रार्थना करणे बंधनकारक आहे काय? त्यांचे उत्तर व्यवहारी आहे. सर्वांसाठी आपण जी प्रार्थना करतो तिच्यातून शत्रूला वगळता येत नाही, ते बंधन आहे. त्याच्यासाठी वेगळी, खास प्रार्थना करणे ही पूर्णत्वाची पायरी आहे. काही विशेष प्रसंग सोडले तर ती सक्ती नाही. म्हणजे संत थॉमस आपल्याकडून एकदम मोठी उडी मागत नाहीत. फक्त 'सर्व' या शब्दाला कुंपण घालू नका, एवढेच सांगतात.

पण कुंपण आपण गुपचूप घालतोच. 'प्रभो, त्यांचे डोळे उघड' ही प्रार्थना आम्हीही केली आहे. नीट पाहिले तर त्यात आमचेच मत देवाच्या तोंडी घातलेले असते. त्यापेक्षा त्या माणसाचे नाव घ्यावे, आणि नावाला चिकटवलेले विशेषण काढून टाकावे. विशेषण निघाले की त्याचे दुखणे, त्याची मुले, त्याची भीती दिसू लागते. लाचारीचे म्हणाल, तर राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि ख्रिस्तसभेची परंपरा सांगते की संत पौलाला रोमन सत्तेनेच ठार मारले.

एवढ्यावर कोणी म्हणेल, हे वर्गातले बोलणे झाले. म्हणून सिस्टर राणी मारिया यांची आठवण करू. केरळच्या या क्लॅरिस्ट भगिनी मध्य प्रदेशात उदयनगर येथे गरीब आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसप्रवासात त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासहून अधिक वार झाले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली सिस्टरांच्या धाकट्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले, कारण त्या हातांना तिच्या लेकीचे रक्त लागले होते. त्याला सोडावे म्हणून कुटुंबानेच अर्ज केला आणि 2006 साली तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. खून हा गुन्हा नव्हता असे त्या आईने कधी म्हटले नाही. ते हात कोणाचे, हे तिला पुरते ठाऊक होते.

आपल्या दोघा चुलतभावांमध्ये तर रक्त सांडलेले नाही, फक्त बोलणे थांबले आहे. येत्या रविवारी देशासाठीची विनवणी त्या दोघांनी मिळून लिहावी, असे आम्ही त्यांना सुचवले आहे. एकाने होकार कळवला आहे. दुसऱ्यांच्या उत्तराची वाट पाहत आहोत.