दहावीनंतर कुणाला विचारायचे?

२९ जुलै २०२० या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. दुपारी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला, ९५.३० टक्के. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली. शाळासंकुलांमध्ये मुलांसाठी समुपदेशक असावेत, असे त्या धोरणात म्हटले आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले हसनाबाद त्या दिवशी राज्यातल्या बहुतेक गावांसारखेच होते. शाळेला कुलूप होते आणि निकाल मोबाइलवर पाहिला जात होता. भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नव्हता, त्यामुळे त्याचे गुण सरासरीने दिलेले. पास झालेल्या मुलामुलींना आता एकच काळजी होती: पुढे काय घ्यायचे, आणि ते विचारायचे कुणाला?

कोरोनाकाळातल्या शिक्षणावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. बुडालेले वर्ग, विसरलेली गणिते, वाचता न येणारी चौथीची मुले यांची मोजदाद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मार्गदर्शनाचे काय झाले, याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. धडा मोबाइलवरून निदान अर्धामुर्धा तरी पोहोचला. सल्ला पोहोचला नाही, कारण ग्रामीण शाळेत सल्ला देणारे पद कधी नव्हतेच. होती ती माणसांची सवय, आणि ती शाळेच्या आवारातच जिवंत राहणारी होती.

ही सवय कशी चालायची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. गुणपत्रिका आणि टीसी न्यायला मुलगा शाळेत यायचा. टीसीवर सही करताना मुख्याध्यापक मान वर करून विचारायचे, "काय रे, पुढं काय घेणार?" मुलगा गप्प राहिला की शेजारी बसलेले गणिताचे सर त्याचे गुण बघून म्हणायचे, "सायन्सच्या नादी लागू नको, आयटीआय कर," किंवा उलट, "तू सायन्सलाच जा, वडिलांना उद्या पाठव." सल्ला दोन मिनिटांचा असे आणि कधी चुकीचाही असे. पण देणाऱ्याने त्या मुलाला पाच वर्षे वर्गात पाहिलेले असे. मार्च २०२० नंतर ही दोन मिनिटे गेली.

त्यानंतरच्या तुकडीची अवस्था आणखी बिकट झाली. ही मुले २०१९-२० मध्ये नववीत होती. त्यांची नववीची वार्षिक परीक्षा एप्रिल २०२० मध्ये रद्द झाली. दहावीचे वर्ष जवळपास सगळे मोबाइलवर गेले. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरायला परवानगी मिळाली, पण दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले. मग दहावीची परीक्षाही रद्द झाली आणि गुणदानाचे सूत्र ठरले: नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. ज्या वर्षाची वार्षिक परीक्षा झालीच नाही, त्या वर्षावर निम्मे गुण उभे होते. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण. अकरावीसाठी सीईटी घ्यायचा घाट घातला गेला, तो १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. या मुलांनी पहिली खरी बोर्डाची परीक्षा दिली ती बारावीची, २०२३ साली.

त्या गुणांवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्या परिस्थितीत मंडळापुढे बरा पर्याय नव्हता. मुद्दा एवढाच की त्या गुणपत्रिकेवरून कुणालाही स्वतःविषयी काही कळत नव्हते. गणितात आपण बरे आहोत की वाईट, विज्ञान झेपेल की नाही, हे ना मुलाला ठाऊक, ना बापाला. गुण काही सांगत नसताना जाणत्या माणसाची गरज सर्वांत मोठी होती, आणि नेमका त्याच वर्षी तो माणूस भेटत नव्हता.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे अभियान चालले, सह्याद्री वाहिनीवर तास झाले. मे २०२० मध्ये युनिसेफच्या साहाय्याने नववी ते बारावीच्या मुलांसाठी 'महाकरिअर पोर्टल' सुरू झाले. त्यात शेकडो व्यवसायांची, महाविद्यालयांची, शिष्यवृत्त्यांची माहिती मराठीतूनही होती. काम चांगले होते. आत जायला मात्र विद्यार्थ्याचा सरल क्रमांक लागायचा, आणि तो असायचा शाळेच्या दप्तरात. त्याआधी २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जात होती. कृषी, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे, हे अहवालात छापून येई. अहवाल घरी जाई. तो घेऊन मुलासमोर बसणारे कोणी नसे, आणि मग तो कागद जातीच्या दाखल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत पडून राही.

फोनचे म्हणाल, तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण घरांपैकी १४.९ टक्के घरांत इंटरनेट आणि ४.४ टक्के घरांत संगणक होता. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२० मध्ये ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरांत स्मार्टफोन आढळला, दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी होती. पण तो फोन बहुधा बापाचा, आणि बाप दिवसभर कपाशीत.

मग मुलांनी विचारले कुणाला? फॉर्म भरून देणाऱ्याला. तालुक्याच्या आणि बाजाराच्या प्रत्येक गावात एक दुकान असते: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पीकविमा, रेल्वेचे तिकीट, महाडीबीटी, सगळे एकाच टेबलावर. गेल्या काही वर्षांत गरीब मुलांचा खरा करिअर सल्लागार तोच झाला आहे. मुलगी त्याच्यासमोर उभी राहते, मागे रांग असते. स्क्रीनवर कॉलेजांची यादी उघडलेली. "दादा, पहिलं कोणतं टाकू?" तो म्हणतो, "कोणतं पण टाक, नंतर बदलता येतं." ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो आणि वडील शेतात, रेंज नाही, म्हणून दुकानदार स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. पुढच्या सगळ्या सूचना मग त्याच्या फोनवर येतात, शेकडो मुलांच्या सूचनांच्या गर्दीत. त्या माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. तो पन्नास रुपयांत फॉर्म भरतो, आणि आपण त्याच्यावर एका आयुष्याचा निर्णय सोपवलेला असतो.

एक उदाहरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ते शेतकऱ्याच्या घरातले आहे. मुलाला शेतीतलेच शिकायचे आहे. घरचे म्हणतात, शेतीच शिकायची तर सायन्स कशाला, आर्ट्सला जा, कॉलेज जवळ आहे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण बी.एस्सी. कृषीला बारावी विज्ञान लागते आणि त्याचा प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय जालना जिल्ह्यातच, बदनापूरला आहे. तुरीचे बीडीएन ७११ हे वाण तिथल्याच संशोधन केंद्रातले, आणि ते भोकरदनच्या शिवारातही लोकांना माहीत असते. त्या महाविद्यालयाची वाट अकरावीच्या अर्जावर एका चौकटीत ठरते, हे मात्र घरात कुणाला माहीत नसते. जून महिन्यात ती चौकट चुकली की दोन वर्षांनी कळते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. दहावीनंतरचा पदविका अभ्यासक्रम शासकीय तंत्रनिकेतनात आहे. या सगळ्या संस्था एसटीच्या टप्प्यात आहेत. त्यांचा पत्ता मुलाच्या हाती देणारे कुणी नाही, ही अडचण.

'असर'च्या २०२३ च्या अहवालानुसार अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी निम्म्याहून अधिक कला शाखेत आहेत. कला शाखा कमी दर्जाची नाही. इतिहास, भाषा, अर्थशास्त्र मनापासून शिकणारी मुले हवीतच. यांतल्या किती जणांनी ती निवडली आणि किती जण जवळ होती म्हणून तिथे गेले, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

मार्गदर्शनाचा मोठा भाग कागदपत्रांचा असतो, हे शहरी सल्लागारांच्या फारसे लक्षात येत नाही. मुलाची आवड नंतर. आधी नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता. मराठा समाजातल्या मुलाचेच पाहा. २०१८ चा आरक्षण कायदा होता. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश थांबले. ५ मे २०२१ ला तो रद्द झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस आर्थिक दुर्बल घटकाचा पर्याय खुला झाला, आणि २०२४ मध्ये पुन्हा नवा दहा टक्क्यांचा कायदा आला. सहा वर्षांत कोणता दाखला काढायचा याचे उत्तर पुन्हा पुन्हा बदलले. मराठा आरक्षण आंदोलनाचे अंतरवाली सराटी ज्या जालना जिल्ह्यात आहे, तिथे या प्रश्नाविषयी लोक किती तळमळतात हे सर्वांनी पाहिले. प्रवेशाच्या आठवड्यात नेमका कोणता कागद चालेल, हे मात्र अधिकृतपणे समजावून सांगणारे गावात कुणी नव्हते. तिथे व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड होते. इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांना 'महाज्योती' ही शासकीय संस्था सीईटी, जेईई, नीटच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा फुकट देते. योजना उत्तम आहे. पण ती विज्ञान शाखेच्या मुलांसाठी आहे आणि अर्जाला मुदत असते. ती जाहिरात वेळेवर वाचणारा कुणीतरी लागतो.

मुलींच्या बाबतीत हे न विचारणे फार महाग पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण शाळा सुरू झाल्या आणि दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास असलेल्या मुलींच्या हातात पास राहिला आणि बस गेली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि परभणीत ४८ टक्के निघाले. जालनाही राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे. घरी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीसाठी स्थळ येते, तेव्हा बापाला सांगायला काहीतरी ठोस लागते: अमुक कोर्स, अमुक वसतिगृह, एवढी फी माफ. 'हुशार आहे, शिकू द्या' एवढ्याने स्थळ परत जात नाही. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ झाले आहे. हे वाक्य त्या घराच्या ओसरीवर, योग्य महिन्यात, शिक्षिकेच्या तोंडून उच्चारले गेले तर त्याला वजन येते.

दूर राहून शिकवायचे तर माणूस वगळावा लागतो, हा समजच चुकीचा आहे. महाराष्ट्राला हे तीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देते, आणि त्याच्या रचनेत गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि तिथे प्रत्यक्ष भेटणारे समंत्रक आहेत. पुस्तक घरी येते, पण रविवारी अडलेले विचारायला कुणीतरी असते. २०२० मध्ये शाळांसाठी घाईने जे उभे केले गेले, त्यात ही एवढी एक गोष्ट राहून गेली.

ती राहून जाण्याला जुना इतिहास आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ च्या दरम्यान सुचवले होते की प्रत्येक शाळेला समुपदेशक परवडणार नाही, तर निदान दहा शाळांच्या गटाला एक फिरता समुपदेशक द्यावा. अमेरिकेत शालेय समुपदेशकांची संघटना अडीचशे मुलांमागे एक माणूस असावा असा आग्रह धरते. आपण ती तुलना बाजूला ठेवू आणि कोठारींचे दहास एक हेच माप धरू. तेही साठ वर्षांत गावापर्यंत आले नाही. परीक्षेच्या काळात मंडळ समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. त्यांचे काम मुख्यतः परीक्षेची भीती घालवण्याचे. शाखेची निवड कुणाच्याच कामात बसत नाही.

महामारी संपली, आता शाळा भरतात, तर हा विषय जुना झाला, असे कुणी म्हणेल. घडले उलटे आहे. पूर्वी अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरता होता. हसनाबादचे मूल कनिष्ठ महाविद्यालयात जायचे आणि अर्ज हातात द्यायचे. २०२५-२६ पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली. २१ मे २०२५ ला नोंदणी उघडली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. तो दोष दुरुस्त झाला. नियम मात्र आहे तसा आहे: एक ते दहा पसंतीक्रम भरायचे, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. शहरातल्या घरात हा नियम रात्री जेवताना चर्चेला येतो. दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीने "कोणतं पण टाक" ऐकून संभाजीनगरचे मोठे नाव पहिले टाकले, ते मिळाले आणि बापाने खोलीचे भाडे परवडत नाही म्हटले, तर तिचे काय होते? टाळेबंदीतला दुरावा आता प्रवेशाचा कायमचा नियम झाला आहे, आणि तो पार करायला मदत करणारे पद अजूनही नाही.

पारदर्शकतेसाठी ऑनलाइन पद्धत हवीच. देणग्या आणि शिफारशींचे जुने दिवस कुणाला परत नको आहेत. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा आधीच डोंगर आहे, त्यात हे आणखी एक काम टाकू नये, हेही खरे. म्हणूनच दहा माध्यमिक शाळांमागे एक स्वतंत्र माणूस हवा, आणि त्याचे वर्ष ठरलेले हवे. दिवाळीनंतर दहावीच्या प्रत्येक वर्गात जाऊन शाखा, आयटीआय, तंत्रनिकेतन समजावणे. जानेवारीत पालकांना बोलावून दाखल्यांची यादी हातात देणे. मे-जूनमध्ये शाळेच्या संगणकावर मुलासोबत बसून पसंतीक्रम भरणे, आणि नंबर बापाचाच टाकणे. अकरावी विज्ञानातच जात पडताळणीचा प्रस्ताव पाठवला की नाही, हे पाहणे. ऑगस्टमध्ये ज्यांचा प्रवेश कुठेच दिसत नाही, त्यांच्या घरी जाणे.

ते पद निर्माण होईपर्यंत शाळेला एक वही सुरू करता येईल. दहावी झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आणि पुढे तो मुलगा, ती मुलगी कुठे गेली: कोणती शाखा, कोणते कॉलेज, कामावर, की लग्न झाले. पहिले पान २०२१ च्या तुकडीचे असावे. त्यातली बारावीनंतर थेट पदवीला गेलेली मुले २०२६ मध्ये तीन वर्षांची पदवी पूर्ण करतात, आणि उरलेल्यांची चौकशी अजून कुणी केलेली नाही.